अण्णाचं हलकं फ्लायव्हील

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच गाडीत, त्याच्याच नावानं चरफडत बसले होते. त्याचा डबा घेऊन दवाखान्याकडं निघाले होते आणि आळंदच्या बाजारात, तुरीच्या पोत्यांच्या गर्दीत गाडी तिसऱ्यांदा बंद पडली होती. दीड महिना झाला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही लवकर आला असतात तरी काही उपयोग झाला नसता. मला अजून पटत नाही...

माझा हा थोरला भाऊ टर्नर, लेथ यंत्रावर लोखंड कातणारा. दुसऱ्यांची कामं संपली की स्वतःच्या जुन्या गाडीमागं लागायचा. इंजिनाची फिरती गती टिकवून धरणारं जड लोखंडी चाक, म्हणजे फ्लायव्हील, त्याच्या डोळ्यांत सलत होतं. एका रविवारी त्यानं ते लेथवर चढवलं आणि मागच्या बाजूनं, कडेकडेनं बारीक काप घेत छिलायला बसला. जेवताना नखं काळी कुळकुळीत.

"चांगलं चाक कामून खरवडायलास?" मी विचारलं.

"उगं वजन वाहायलाय गं इंजिन. बघ आता कशी पळतीय."

पळाली, खोटं कशाला बोलू! पाय टेकवला की उसळायची. पण हलकं चाक दम धरत नाही. क्लच जरा घाईनं सोडला की गाडी गप्प. अण्णाच्या हातात ती कधी बंद पडली नाही, माझ्या हातात दर चौकात. शेजारी बसून तो हसायचा, "आधी आवाज ऐक, मग पाय सोड." भावाचं निमूट ऐकेल ती बहीण कसली?

तो गेल्यावर सगळा राग मी त्या चाकावर काढला. मेस्त्रीकडून कंपनीचं जड चाक बसवून घेतलं. गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. चौथ्या दिवशी चौकात क्लच सोडताना माझा कान आपोआप इंजिनाकडं गेला. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. गाडी कुणाचीही असावी तशी निघाली. रस्त्याकडेला थांबून मी पोटभर रडले. अण्णाची इतकी आठवण तेराव्यालाही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते छिललेलं चाक घेऊन परत मेस्त्रीकडं गेले. तो बघतच राहिला. "अक्का, ह्या चाकासाठी परत गिअरबॉक्स उतरवायचा? तुमच्या हातात पुन्हा बंद पडंल की!"

"पडू द्या," मी म्हणाले. "भांडायला तेवढाच राहिलाय तो."