सायकलीचा आरसा

कोळशाचे ट्रक धावतात त्या घुग्घुसच्या रस्त्यावर सायकल चालवायची तर तिला काय काय लावावं, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. मी शिकवते त्या शाळेतल्या बाकीच्या बाई म्हणतात, स्कूटी घे आणि सुटका करून घे. मी ऐकत नाही. हट्टी आहे मी, आणि सायकल मला आवडते.

मागचा लाल दिवा घेतला, कारण कोळशाच्या धुळीत भर सकाळीही सायकल दिसत नाही. चाकांना चमकपट्ट्या लावल्या. मोठा हॉर्न मात्र दुकानदाराला परत केला. ट्रकवाल्याला स्वतःचा हॉर्न ऐकू येत नाही, माझा काय येणार! राहिला आरसा.

"म्याडम, तुम्ही मांगं पाहतच नाई," दुकानदार म्हणाला. "आरसा लावाच."

खरंच होतं त्याचं. मला मागे बघायची सवयच नाही. लहानपणी आलापल्लीकडच्या आमच्या गावाहून शाळेची वाट सागाच्या जंगलातून जायची. वाघ मागून येतो, म्हणून आमच्याकडे लेकरू पुढे आणि मोठं माणूस मागे. बाबा रोज त्यांच्या सायकलवर माझ्या मागे असायचे. "मांगं पाहू नको, हँडल हालते. मी आहो ना," म्हणायचे. मी मोठ्याने गाणी म्हणत पायडल मारायची. तसं गाणं मला पुन्हा कधी सुचलं नाही. आता पाठीशी ट्रक घरघरला की बाबा मागे हवेसे वाटतात.

शेवटी आरसा लावला, उजव्या हाताला, गोल.

आई गेल्यापासून बाबा गावी एकटेच असतात. या उन्हाळ्यात ते पहिल्यांदाच माझ्याकडे आले. आता त्यांनी इथेच राहावं, एवढंच मला हवं होतं. चार दिवस ते अंगणात बसून रस्त्यावरचे ट्रक मोजल्यासारखे बघत राहिले. पाचव्या दिवशी माझ्या सायकलवर बसले, आरसा हाताने फिरवून फिरवून पाहिला.

"पुरा रस्ता दिसते का व यात?"

"दिसते, बाबा."

"बरं केलं माय. तुया मांगं कोन हाय, याचाच घोर होता मले. आता जातो मी गावाले."

"काऊन बाबा? राहा ना!"

ते हसत पिशवी भरायला आत गेले. आरसा आत्ताच्या आत्ता उपटून फेकावा असं मला वाटलं. पण कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा हलका झाला होता. मी त्यांना बसवर बसवून दिलं.