अल्बममधलं दुसरं क्लॅरोनेट

मी बीएस्सी झालेला माणूस, घराण्यातला पहिला. भूत, भास, करणी असलं काही निघालं की मी सरळ उठून जातो. त्यामुळे इथं वाद घालायचा नाही, घडलं तेवढंच सांगतो.

आम्ही अमडापूरचे. बाबांनी तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. बँडच्या गाडीवर नाव मालकाचं. बाबांचं नाव कुठंच छापून आलं नाही. आता दम्यामुळे त्यांचं वाजवणं बंद आहे. क्लॅरोनेट मी त्यांच्याकडूनच शिकलो, पुढं कॉलेजात सॅक्सोफोन धरला आणि जॅझकडे वळलो. गेल्या वर्षी पहिला अल्बम केला. चांगला झालाय, हे मीच सांगतो! कव्हरही ठरलं होतं — 'सॅक्सोफोन आणि क्लॅरोनेट', खाली माझं एकट्याचं नाव.

शेवटच्या रचनेत मी क्लॅरोनेट वाजवतो; तिच्यात मधेच चार ठोके सगळं थांबवलं होतं. मुद्दाम... जॅझमध्ये शांततेलाही वजन असतं. फोनवर कच्चं रेकॉर्डिंग ऐकून बाबा भडकले.

"इथं काऊन सोडलं बे? जोडीदार मेला काय तुहा?"

बँडमध्ये दोन क्लॅरोनेटवाले कधी एकदम श्वास घेत नाहीत. एक दम घेतो तेव्हा दुसरा सूर धरून ठेवतो. वरात पोकळ वाजली नाही पाहिजे.

"बाबा, हे लग्नाचं नाही."

"मंग काय तेरवीचं हाय?"

रेकॉर्डिंग चिखलीत, संजूच्या स्टुडिओत. एरवी तिथं देवीची गाणी आणि निवडणुकीच्या जाहिराती होतात. दुपारचे तीन. ड्रम आणि बेस पुण्यात आधीच झालेले, ते माझ्या हेडफोनमध्ये. खोलीत मी एकटा, माइक एक. असं वाजलं की मलाच कळलं — हाच टेक.

संजू काचेपलीकडून म्हणाला, "दादा, तुम्ही तं इथं थांबणार होते ना?"

"थांबलोच की."

त्यानं परत लावलं. माझा सूर संपतो, मी श्वास ओढल्याचा आवाज स्पष्ट येतो... आणि त्याच वेळी खालून एक क्लॅरोनेट सूर धरून आहे. बरोबर चार ठोके. हेडफोनमधून आवाज आला म्हणावं, तर त्यात क्लॅरोनेट नव्हतंच. मी पुन्हा दोनदा वाजवून रेकॉर्ड केलं. दोन्हीत शांतता होती, पण ती पहिली मजा नव्हती.

"कापून टाकू? दोन मिनिटाचं काम हाय," संजू म्हणाला.

काय वाटलं कोण जाणे, मी घरी फोन लावला. माय घाबरलेली.

"अरे, तुहा बाप झोपला होता, एकदम उठून बसला. धापा टाकून राह्यला होता. पंप द्या लागला."

"कधी?"

"आत्ता, तीनच्या सुमारास."

"काही बोलले?"

"म्हने, पोरगं दम घेऊन राह्यलं होतं, म्हून धरला."

मी संजूला म्हटलं, कापू नको.

दम्याच्या माणसानं झोपेत, वीसेक किलोमीटरवरून, चार ठोके सूर कसा धरला? माझ्या विज्ञानात याला उत्तर नाही, आणि मी बनवून सांगणार नाही. कव्हर तेवढं बदललं. आता दोन नावं आहेत, बाबांचं वर. पुण्याचे वादक विचारतात, वडील स्टुडिओत कधी आले होते?

मी खरं ते सांगतो — आलेच नव्हते.