बन्सीचं बियाणं आणि सासूबाईंची कोठी

"दातले इचार, दुकानदारले नको!" असं म्हणत आमच्या शेजारची मावशी गव्हाचा दाणा दाढेखाली धरायची. कट्ट आवाज आला, की तुकडे तळहातावर घेऊन उजेडाकडे न्यायची. आत काचेसारखा पिवळट दिसला तर तो खरा बन्सी गहू. पांढरा पिठूळ दिसला, की पोत्याचं तोंड बंद आणि मावशीचं उघडं.

भांडल्याशिवाय पिशवी न भरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सुरतेत आमच्या नवागामच्या गल्लीत निम्मा खानदेश नांदत होता. पुरुष कापडाच्या लूमवर, आणि होळी झाली की बायका मावशीला पुढं घालून वर्षाचा गहू आणायला बाजारात. रव्याला, शेवयांना, बट्ट्यांना बन्सीच पाहिजे. तिला बघून गुजराती दुकानदार कपाळाला हात लावायचा. "मासी, बधा घउं तमे चावी जशो तो हुं वेचीश शुं?" सगळा गहू तूच चावून संपवलास तर मी विकू काय, असं त्याचं रडगाणं.

"तुनी लबाडी ईक!" तिला गुजराती येत नव्हतं, पण भांडण सगळ्या भाषांतलं कळायचं.

तिचा खरा जीव मात्र घरातल्या एका पत्र्याच्या डब्यात होता. त्यात माहेरचा जुना बन्सी. भाऊ नव्या जातींच्या मागं लागला, तेव्हा हे बियाणं तिनं उचलून सुरतेला आणलं. दिवाळीला गावी जाऊन भावाच्या बांधालगत थोडे वाफे पेरायचे, होळीला ताजं बियाणं घेऊन यायचं. "हाई बी सरनं ते मी भी सरनू," म्हणायची. बियाणं संपलं म्हणजे आपणही संपलो, असंच ती धरून चालली होती.

आणि त्या डब्याला धोका होता आमच्या घराचा! आमची भिंत तिच्या भिंतीला लागून. सासूबाईंची एक रीत होती: गव्हाची कोठी कधी पुरती रिकामी करायची नाही, तळाशी जुने मूठभर दाणे ठेवायचे, म्हणजे लक्ष्मी जात नाही. लक्ष्मीचं देव जाणे, गहू पोखरणारे सोंडे किडे मात्र तिथं मुक्काम ठोकून असायचे. दरवर्षी आम्ही त्याच गोळ्या घालायचो. मरायचे ते मरायचे, उरायचे ते दणकट निघायचे आणि त्यांचीच पोरंबाळं नव्या गव्हावर ताव मारायची. एक सोंडा तर मी गोळीच्या पुरचुंडीवरच ऐटीत बसलेला पाहिला.

"तुनी गोळी त्यासले आते बडीशेप लागस," मावशी सासूबाईंना सुनवायची. "कोठी झाडी काढ, उनमा ठेव. यंदा गोळी नको, निंबना पाला घाल."

"मनी लक्ष्मी काढाले बसनी ही सटवी!" सासूबाई कोठीला पाठ लावून उभ्या राहायच्या.

एका पावसाळ्यात व्हायचं ते झालंच. आमच्या कोठीपासून भिंतीच्या फटीपर्यंत सोंड्यांची रांग, आणि फटीपलीकडे मावशीचा डबा, झाकण सैल झालेला. तिनं तो उघडला आणि तिथंच बसून त्यातलं मूठभर तळहातावर घेतलं. नुसतं पीठ आणि भोकं पडलेले दाणे. तिनं एक शिवीसुद्धा दिली नाही. तेच मला सहन होईना.

सासूबाई दारातून बघत होत्या. आत गेल्या, कोठी फरफटत बाहेर आणली आणि पालथी केली. तळातले दाणे झाडून शेगडीत टाकले. मग सूप घेऊन मावशीसमोर बसल्या. संध्याकाळपर्यंत दोघींची निवडानिवड चालली होती.

"हाऊ चांगला शे," सासूबाई म्हणायच्या.

"आंधयी शे का तू? भोक दिखत नही?"

शेवटी ओंजळभर बियाणं वाचलं. त्या दिवाळीला मावशी ते घेऊन गावी निघाली. कपड्यांचं गाठोडं बसच्या टपावर, बियाणं मांडीवर. ओंजळीचं शेत व्हायला वेळ लागणार, म्हणून लूमवर जाणाऱ्या मुलाला सुरतेतच सोडून ती तिकडेच राहिली. आम्ही गहू आणायला गेलो की दुकानदार विचारायचा, "मासी क्यां?" शिव्या खाल्ल्याशिवाय त्यालाही करमत नव्हतं.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात तिचा भाऊ आमच्या दारात उभा राहिला. मावशी थंडीतच गेली होती. जाण्याआधी तिनं आपलं पूर्ण शेतभर पीक डोळ्यांनी पाहिलं, असं तो म्हणाला. त्याच गव्हाच्या शेवया त्यानं आणल्या होत्या. पहिल्या शेवया सासूबाईंना द्यायच्या, असं तीच सांगून गेली होती.

सासूबाईंनी लगेच खीर केली. पहिली वाटी खाताना म्हणाल्या, "बया ऱ्हाती ते म्हनती, दूध पातळ व्हयनं." दुसरी वाटी बोटांनी निपटून खाल्ली. तिसरी वाढून घेताना मात्र हात थांबला. पदर तोंडाला लावून त्या हुंदके देऊन रडल्या. सख्खी बहीण गेली तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.