कस्तुराबाईच्या तांब्यातलं पाणी

तुमची पाठ वळताच, तुम्ही उभे होतात त्या जागी कोणी पाणी शिंपडलं तर तुम्ही काय समजाल? आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सोसलं, तेच मी समजलो.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. पिंगळीत आमच्या बौद्धवाड्याला लागून कस्तुराबाईचं घर. नवरा वारलेला, एकटी बाई, दारापुढच्या दोन वाफ्यांत मेथी लावायची. तिच्याशी वाफ्यापाशी बोलून मी निघालो, की ती तांब्यानं पाणी शिंपडायची. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"आमचा विटाळ धुवायलीस का गं?" मी भर गल्लीत ओरडलो.

"आवो दादा, तुमचा कशाला? मांजरं मेथी उकरायलीत. माणूस हाललं की येत्यात. वल्ल्या मातीत पाय घालत न्हाईत ती. धोंडा मारायला माझा हात उचलत न्हाई."

मी वाफ्याकडं बघितलं. कोरड्या कडेची मेथी उकरून पडली होती, तिथंच मांजराची घाण.

मला तिथंच कळलं. पण गल्ली जमली होती, "बरं सुनावलं" म्हणत होती. मी मान ताठ ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बायांनी तिची मेथी घेणं सोडलं, तिच्यासंगं शेतात तण निंदायला जाणंही सोडलं. मी एका शब्दानं कोणाला अडवलं नाही.

सभेत तासभर बोलणारा मी, तिच्यापुढं अजून माझी जीभ रेटत नाही. तिला वाचता येत नाही. पिंगळीतल्या कोणाच्या हाती हा कागद पडला, तर तिच्या दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, हे वाचून दाखवा.