सात म्हणजे काय?

लेकीच्या बोटांवरचं पुरळ काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. "धुळीचं आहे गं," म्हणून ती झोपली. मी जागीच.

माझी लेक वस्तुसंग्रहालयात नोंदींचं काम करते. तिथल्या संगणकात वस्तूंची अवस्था आकड्यांत लिहिली आहे. एक म्हणजे चांगली, दोन म्हणजे तडा गेलेली, असं. ते आकडे काढून कुणालाही कळतील असे पूर्ण शब्द लिहायचे, हे तिचं काम. काम कसलं, खूळच ते. आमच्या डब्यावर चिठ्ठी आहे: 'डबा, स्टीलचा, डाव्या अंगाला पोचा, आत साखर.' तिचे बाबा विचारतात, "माझी नोंद कशी केलीस? खुर्ची, लाकडी, वर बाबा?"

आकडे बसवले ते माझ्या धाकट्या भावाने. तीस वर्षं तो तिथेच होता. तेव्हाच्या संगणकात अवस्थेच्या रकान्यात एकच आकडा मावायचा, आणि भावाच्या तोंडात एका वेळी एकच शब्द मावतो. जोडी छान जमली.

"कसा आहेस?"

"बरा."

"जेवलास?"

"हं."

निवृत्त होताना त्याने अर्थांचा कागद ठेवला. त्यावर एक ते सहा. संगणकात मात्र दोनशे चौदा वस्तूंपुढे सात!

मामाला विचारायचं, की संपलं. पण तीन महिन्यांपूर्वी एका बैठकीत लेक सगळ्यांसमोर बोलून गेली, "आधीच्या साहेबांनी नोंदी केल्या नाहीत, कोडी घातलीत." आधीचे साहेब पाहुणे म्हणून पहिल्याच रांगेत. अर्धा चहा टाकून उठले. तेव्हापासून मामा-भाचीचा अबोला, आणि मधल्या मध्ये मी टपालपेटी.

"अगं, एक फोन कर त्याला."

"त्यालाच सांग करायला. तुझा भाऊ आहे."

भावाला सांगितलं, तर म्हणाला, "कोडं आहे ना? सोडव म्हणावं." यंदाचं त्याचं सर्वांत लांब भाषण ते. दोघांची नाकं एकाच साच्यातली, दुसरं काय!

ऑफिसातले म्हणतात, 'अज्ञात' लिही आणि मोकळी हो. ही म्हणते, "अज्ञात म्हणजे अक्षरांत लिहिलेला सातच की!" म्हणून बाई एकेक वस्तू हातात घेऊन तपासतायत. पेंढा भरलेले पक्षी, पिसांचे पंखे, कुठलासा लोकरी झगा. हातमोज्यांतून शिवण कळत नाही, म्हणून मोजे खिशात. ऐंशी वस्तू झाल्या. उद्या सकाळी नऊला मोठं कपाट उघडणार आहे.

जेवणानंतर तिच्या बोटांना मलम लावताना मला एकदम भावाचे हात आठवले. लग्नाआधी तो आमच्याकडे राहायचा. कामावरून आला की थेट मोरीत. कोपरापर्यंत साबण, शर्ट वेगळ्या बादलीत. ही तेव्हा दीड वर्षाची, "मामा" करत दुडुदुडु धावायची, आणि हा दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा.

"थांब. हात."

"अरे, घे की तिला! चावते का ती?" मी हसायचे.

"हात," एवढंच म्हणून मोरीत गडप. हात धुतल्याशिवाय त्याने भाचीला एकदाही उचललं नाही. मी त्याला सोवळ्यातला मामा म्हणून चिडवायचे.

पण ही सवय त्याला आधी नव्हती, नंतरही राहिली नाही. त्या एकाच वर्षी होती. आणि त्या वर्षी तो याच कपाटांच्या नोंदी करत होता.

काय धुऊन टाकत होता तो? नुसती धूळ, की कीड लागू नये म्हणून वस्तूंना चोपडलेलं कसलं विष?

साडेबारा वाजलेत. भावाला सकाळी फोन करावा म्हटलं, तर सकाळी हा तासभर फिरायला जातो, फोन घरी ठेवून. तोवर ही कपाटापाशी पोचलेली असेल. आत्ता फोन वाजला तर दचकेल. दचकू दे. आज 'बरा' आणि 'हं'वर सुटका नाही. सात म्हणजे काय ते सांग, म्हणणार आहे, आणि पूर्ण वाक्यात सांग.

लावतेच.