सील मारलेलं जॅकेट

अश्विनी ढोके यांचं उभं आयुष्य बंगळुरूच्या एका निर्यात कंपनीत कपड्यांचे नमुने पास करण्यात गेलं. तिथला रिवाज ठरलेला होता. नमुना मनासारखा उतरला की त्याला पुठ्ठ्याचं लेबल बांधायचं, त्यावर लाल शिक्का आणि खाली सही. याला ‘सील मारणं’ म्हणत. सील बसलं की त्या कपड्यातला टाकाही कुणी बदलायचा नाही. मोटारसायकलवाल्यांची जाड जॅकेटं मात्र आधी तपासणीला जात. तिथे ती घासून, आपटून, फाडून पाहत. तिथला निकाल आल्याशिवाय अश्विनीबाई शिक्क्याला हात लावत नसत.

नोकरी सोडून त्या माहेरी, सौंसरला परतल्या आणि बसस्टँडजवळ एका दुकानाच्या माडीवर फॅशन डिझाइनचा वर्ग काढला. मुलींना शिस्त लागावी म्हणून सीलचा रिवाजही सुरू केला. झब्ला असो की घागरा, मॅडमचं सील मिळालं की मुली लेबलासकट फोटो काढून घरी दाखवत.

पूनम रोज पांढुर्ण्याहून बसनं येई. घरातल्या माणसाच्या गरजेचा कपडा शिवा, असं काम दिलं तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, माहा भाऊ रोशन संत्र्याच्या गाड्यांमागं मोटारसायकलनं फिरते. त्याच्यासाठी जॅकेट करू का?”

अश्विनीबाईंना आनंद झाला. आपलं खरं कसब शिकवायला मिळणार होतं. कापूस आणि फोम यांचे थर कसे बसवायचे, खांद्यावर जोड कसा द्यायचा, सगळं त्यांनी जवळ बसून दाखवलं. रंगही त्यांनीच निवडला, गडद नारिंगी. “अंधारात ट्रकवाल्याला दुरून दिसलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. जॅकेट इतकं सुबक उतरलं की त्यांनी तिथल्या तिथे सील मारलं. इथे कुठली तपासणी आणि कुठला निकाल!

पोळा जवळ आला तसं पूनमचं कामात लक्ष लागेना. अश्विनीबाईंनी विचारलं, तेव्हा कात्री खाली ठेवून म्हणाली, “मॅडम, रोशन ते जॅकेट अंगातून काढूनच नाही राहिला. म्हणते, यंदा झेंडा आपलाच.”

कुठला झेंडा, ते अश्विनीबाईंना लगेच कळलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवायचं, त्याला झेंडा बांधायचा आणि तो मिळवण्यासाठी पांढुर्णा या काठावरून, सावरगाव त्या काठावरून दगड चालवणार. मागच्या साली रोशनच्या गळ्याचं हाड मोडलं होतं आणि पुन्हा पात्रात उतरणार नाही, अशी त्यानं आईची, लीलाबाईंची, शपथ घेतली होती.

पोळ्याच्या दिवशी त्या बस धरून पांढुर्ण्याला गेल्या. रोशन ओसरीवर बसला होता, जॅकेट अंगात, लेबल छातीवर लोंबतं.

“आईची शपथ विसरलास?”

“शपथ उघड्या अंगानं जाण्याची होती, मॅडम!” तो हसला. “आता तुमचं सील हाय ना. बंगलोरचं!”

“अरे, ते शिलाईचं सील आहे, दगडाचं नाही. त्याची तपासणी झालेली नाही.”

“झाली न! कालच दोस्तायनं मले भिताडाला उभं करून दगडं मारले. गुदगुल्या झाल्या नुसत्या.”

लीलाबाई दारातून म्हणाल्या, “मीच जा म्हटलं, बाई. एवढी शिकलेली मॅडम सही करते, तं पाहूनच करत असंन.”

अश्विनीबाईंनी पर्समधून कात्री काढून लेबल कापलं. रोशननं कापू दिलं. “घ्या. कागद काढल्यानं कपडा पातळ होते का?”

रात्री त्या पूनमच्या घरीच थांबल्या. सकाळी उठून पाहतात तर रोशन निघून गेलेला. दुपारी त्या, पूनम आणि लीलाबाई काठावरच्या एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर उभ्या होत्या. पात्रात माणसांचा नुसता काळा पुंजका दिसत होता. कोण कुठला, ओळखू येत नव्हतं. त्यातून एकच ठिपका वेगळा दिसत होता, नारिंगी. ट्रकवाल्याला दिसावा तसा.

पलीकडून आरोळी आली, “ए संत्र्या! ये, सोलतो तुले आज!”

त्या काठावर हशा पिकला आणि हात वळले ते त्याच्याकडेच. आतापर्यंत विखुरले जाणारे दगड एका जागी पडू लागले. छातीवर, पाठीवर, खांद्यावर. रोशन डगमगत नव्हता. मार लागत नाही असं पाहून तो इतरांना मागे टाकून झाडाकडे सरकला, एकटाच.

“रोशन, मागं फिर!” पूनम ओरडली. तिचा आवाज गच्चीच्या कठड्यापलीकडेही गेला नसेल. अश्विनीबाई मात्र त्याच्या उघड्या डोक्याकडे पाहत होत्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, डावा डोळा वाचला नाही. दवाखान्यातून परत आलेलं जॅकेट पूनमनं वर्गाच्या टेबलावर ठेवलं. गळ्यापाशी रक्त वाळलं होतं. बाकी एक टाका उसवला नव्हता.

काही दिवसांनी तीन पोरं माडी चढून आली. “मॅडम, आमाले पण तसंच जॅकेट पायजे.”

“रोशनचा डोळा गेला, ठाऊक आहे ना?”

“डोळा गेला, पण अंगावर वळ नाही त्याच्या. एवढे दगड झेलून जिवंत हाय, तुमच्या जॅकेटानं. आता तसंच टोपडं पण बनवा. शिवून तं प्रभाकर टेलर देते, कटिंग हाय त्याच्यापाशी. तुमचं सील फकस्त पायजे.”

“सील मिळणार नाही. आणि कटिंग कुठून आणलं त्यानं?”

एका पोराची नजर त्यांच्या मागे गेली. अश्विनीबाईंनी वळून भिंतीकडे पाहिलं. पूनमनं कापलेले जॅकेटच्या कटिंगचे कागदी नमुने तिथल्या खिळ्याला टांगलेले असत. खिळा रिकामा होता.

“राहू द्या मॅडम,” जिना उतरता उतरता त्यातला एक म्हणाला, “शिक्का नागपूरले करून भेटते.”