मंगळावरचा दलाल सांडोरला उतरतो

क्लेमेंटीनबाईंच्या पायाला भिंगरी आहे असं अख्खं सांडोर गाव म्हणतं, आणि त्यात काही खोटं नाही. शाळेतून निवृत्त झाल्या तरी बाई काही एका जागी टेकल्या नाहीत. केळीत पाणी सोडून येतील, येता येता शेजारच्या फ्लॉसीच्या ओट्यावर अर्धा चहा पितील आणि उरलेला तिथंच विसरून चालू पडतील. या वर्षी तर कहरच झाला. चर्चच्या सणाचं नाटक, दरवर्षी बाईच बसवायच्या ते, जवळ येत होतं, आणि बाईंचा जीव नुसता खालीवर होत होता.

कारण नाटक नव्हतं, कारण बावखल होतं. सासऱ्यांच्या वेळचं हे गोड्या पाण्याचं तळं, मागच्या बागेत. त्याच्यावर केळी जगायची, आजूबाजूच्या विहिरींना पाणी असायचं. आता ते दोघांच्या नावावर: एक धाकटा दीर सॅन्टन, दुसऱ्या बाई, नवऱ्याच्या माघारी. सॅन्टनला ते भराव टाकून बिल्डरला द्यायचं होतं. बाईंच्या सहीशिवाय गाडी अडली होती, आणि बाई सही टाळत होत्या. "सणानंतर बघू हं, सॅन्टन." बस्, एवढंच.

नाही म्हणून टाका की सरळ! पण तेच तर बाईंना जन्मात जमलं नाही. त्यात सॅन्टन म्हणजे सोन्यासारखा माणूस. बाईंचा नवरा रिचर्ड अंथरुणाला खिळला तेव्हा यानंच भावाला उचलून न्हाऊ घातलं, शेवटपर्यंत. अशा माणसाच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?

बाईंचं हत्यार वेगळं होतं. शाळेची लायब्ररी आवरताना रद्दीत निघालेले जुने दिवाळी अंक त्यांनी घरी आणले होते. पन्नास-साठ सालातले, पिवळे पडलेले, आणि त्यांत काय एकेक विज्ञानकथा! रॉकेट उडवायचं गुरूच्या चंद्रावर आणि टोपी उडवायची इथल्या काळाबाजारवाल्याची. यंत्रमानव हुंडा मागतो, शुक्रावरच्या पंक्तीत जात विचारून वाढतात. बाई वेड्याच झाल्या त्यांच्यापायी. शाळेत एक हेडमास्तर पोरांना छडीनं फोडून काढायचे. बाईंनी स्नेहसंमेलनात छडी मारणाऱ्या यंत्राची कथा वाचून दाखवली, आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून छडी कपाटात गेली. कोणाला दुखवलं नाही, काम झालं. तेव्हापासून बाईंना जे बोलायचं असेल ते मंगळ-शुक्रावरून बोलायची सवय लागली.

म्हणून या वर्षीच्या नाटकासाठी त्यांनी अंकांतली एक कथा काढली. मंगळावरचे कालवे आटतात, तिथला एक दलाल यान घेऊन एका गावात उतरतो, गोड बोलून गावाचं तळं मागतो आणि बदल्यात घरटी एक उडती खुर्ची देतो. तळं चटईसारखं गुंडाळून नेतो! मग लोक उडत्या खुर्चीत बसून घोटभर पाणी शोधत फिरतात. शेवटी तीन माळी रॉकेटमध्ये लपून मंगळावर जातात आणि तळं परत आणतात. बाईंनी गाव सांडोर केलं, तळ्याचं बावखल केलं, आणि दलालाच्या तोंडी सॅन्टनचीच वाक्यं घातली. "वहिनी, पाणी काय, आज आहे उद्या नाही. जागा कायमची." जशीच्या तशी, फक्त 'वहिनी'चं 'मंडळी' केलं. आणि दलाल कोण? सॅन्टन! गावात त्याच्याइतकं झकास काम कोण करणार?

तालमीत तो खूश. "वहिनी, डायलॉग काय लिहिलेत! पाठ करावे लागतच नाहीत." आता बोला!

बाईंना घास गोड लागेना. आज कळेल, उद्या कळेल, म्हणत रोज त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या. त्याला आपली तोंडाला फासायच्या हिरव्या रंगाची काळजी, माडाच्या हिरांच्या शिंगांची काळजी.

सणाला चर्चचं मैदान फुल्ल. सॅन्टन यानातून उतरला, म्हणजे केळीच्या सोपटांनी सजवलेल्या टेंपोतून, आणि लोकांनी शिट्ट्या ठोकल्या. त्यानं तळं गुंडाळलं तेव्हा तर फ्लॉसी हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. "बाई, त्या शेजारगावच्या उमेळेवाल्यांना चांगला शालजोडीतला दिलात!" ती म्हणाली. मागून कोणी म्हणालं, छे, हे पलीकडच्या वटार गावावर आहे. सांडोरचं नाव स्टेजवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तरी सांडोरवर आहे असं कोणाला वाटलं नाही.

पडदा पडल्यावर सॅन्टन हिरव्या तोंडानंच धावत आला. "वहिनी, जिरवली की नाही सगळ्यांची? बरं, परवा बिल्डरचा माणूस येतोय. तेवढी सही."

आता पुढे कुठला ग्रह उरला नव्हता.

"मी सही करणार नाही, सॅन्टन."

तो हसला. "हे कुठल्या प्रवेशातलं?"

"कुठल्याच नाही. बावखल मला भरू द्यायचं नाहीये. पहिल्या दिवसापासून नव्हतं द्यायचं."

सॅन्टनचं हसू हळूहळू गेलं. तो स्टेजकडे बघू लागला, मग बाईंकडे. ती सगळी वाक्यं त्याला एकेक करून आठवत असावीत.

"म्हणजे तो दलाल मी," तो म्हणाला. "तोंडावर सांगायचं होतंत, वहिनी. भांडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो. दादाला मी या हातांनी न्हाऊ घातलं. आणि तुम्ही मला गावासमोर रंग फासून नाचवलंत?"

तो तसाच हिरव्या तोंडानं गर्दीतून निघून गेला. लोकांनी त्याला पुन्हा टाळ्या दिल्या.

बिल्डरचा माणूस आला आणि हात हलवत गेला. बावखल वाचलं. पण रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर सॅन्टन नेहमीसारखा चहाला आला नाही, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बाईंनी घरातल्या घरात किती येरझाऱ्या घातल्या असतील! अंक काढले, चाळले, ठेवून दिले. कुठल्याही ग्रहावर यातून सुटका नव्हती.

शेवटी त्या त्याच्या दाराशी गेल्या. रिटानं, सॅन्टनच्या बायकोनं, खिडकीतून बघितलं आणि आत वळली. दार काही उघडलं नाही. आतला टीव्ही मात्र बंद झाला, म्हणजे तो ऐकत होता.

"सॅन्टन," बाई दाराला म्हणाल्या, "तुझं असं हसं करायला नको होतं. मी चुकले. माफ कर मला." त्या दाराच्या आणखी जवळ सरकल्या. "आणि सही मी करणार नाही."